रात्रीच्या आकाशाचे छायाचित्रण: ट्रायपॉडपासून दुर्बिणीपर्यंत

३० सप्टेंबर १८८० च्या रात्री हेन्री ड्रेपर या अमेरिकी डॉक्टरने आपल्या ११ इंची दुर्बिणीला काचेची प्लेट जोडली, ५१ मिनिटे तिच्यावर प्रकाश पडू दिला आणि मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे, म्हणजे अवकाशातल्या वायू आणि धुळीच्या ढगाचे, पहिले छायाचित्र मिळवले. तीन वर्षांनी, १८८३ मध्ये, इंग्लंडमधल्या अँड्र्यू कॉमन या हौशी निरीक्षकाने त्याच तेजोमेघाची प्लेट काढली, तेव्हा दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे तिच्यावर उमटले. डोळा प्रकाश साठवत नाही. प्लेट साठवत असे आणि आजचा सेन्सरही साठवतो. प्रकाश जास्तीत जास्त वेळ, एकाच जागी आणि कमीत कमी भेसळ होऊ देऊन कसा साठवायचा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

बहुतेक नवोदित सुरुवात दुर्बीण विकत घेण्यापासून करतात आणि माझ्या मते तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. पहिले काही महिने हाताशी असलेल्या कॅमेऱ्यावर काम करावे, काढलेली चित्रे संगणकाच्या पडद्यावर पूर्ण मोठी करून पाहावीत आणि त्यांत जो दोष सर्वांत ठळक दिसेल त्याला पुढचे साधन ठरवू द्यावे. तारे लांबट होत असतील तर ताऱ्यांचा माग काढत कॅमेरा फिरवणारी बैठक हवी, आकाश नारिंगी दिसत असेल तर जागा बदलायला हवी, आणि तारे फुगीर दिसत असतील तर बहुधा काहीच विकत घ्यायला नको, फक्त फोकस नीट करायला हवा.

कॅमेरा, लेन्स आणि ट्रायपॉड

शटर किती वेळ उघडे ठेवायचे हे स्वतः ठरवता येईल, लेन्स बदलता येईल आणि रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती जशीच्या तशी ठेवून, फाइल साठवता येईल असा कोणताही डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा सुरुवातीला पुरतो. दहा वर्षे जुना कॅमेराही चालतो. रॉ फाइलचा आग्रह मात्र सोडू नये. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलला १६,३८४ पातळ्या मिळतात, तर जेपीईजीमध्ये एका रंगाला केवळ २५६. तेजोमेघाची मंद कड आणि मागचे काळे आकाश यांच्यातला फरक अनेकदा मोजक्याच पातळ्यांचा असतो. जेपीईजीमध्ये तो कॅमेऱ्यातच पुसला जातो आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही.

पहिली लेन्स म्हणून ५० मिमीची एफ/१.८ लेन्स उत्तम (मिमीचा आकडा म्हणजे लेन्सचे नाभीय अंतर; एफचा आकडा जितका लहान, तितके तिचे तोंड अधिक उघडे). ती पूर्ण उघडी ठेवली तर कोपऱ्यांतले तारे पंख फुटल्यासारखे दिसतात, म्हणून ती एफ/२.८ वर आणावी. आकाशगंगेचा पट्टा आणि खालची जमीन एका चौकटीत हवी असेल तर १४ ते २४ मिमीची रुंद लेन्स लागते. ट्रायपॉड जड असावा, मधला दांडा वर काढू नये, आणि वारा असेल तर दांड्याच्या आकड्याला पिशवी अडकवून ती जमिनीला टेकेल इतपत खाली सोडावी; लोंबकळती पिशवी स्वतःच झोके घेते. शटर बोटाने दाबले तर कॅमेरा हलतो, म्हणून इंटरव्हलोमीटर नावाचे छोटे उपकरण वापरावे. ठरवलेल्या अंतराने ठरवलेल्या संख्येइतक्या फ्रेम ते आपोआप काढते. अनेक कॅमेऱ्यांत ही सोय आतच असते.

अंधारात चाचपडण्यापेक्षा कॅमेऱ्यातली मांडणी घरीच करून ठेवावी. मॅन्युअल मोड, रॉ, आयएसओ (सेन्सरचा संकेत किती वाढवायचा तो आकडा) ८०० ते ३२०० च्या दरम्यान, व्हाइट बॅलन्स दिवसाच्या प्रकाशाचा, आणि लेन्समधले किंवा कॅमेऱ्यातले कंप रोखणारे स्टॅबिलायझेशन बंद. ट्रायपॉडवर स्थिर असलेल्या कॅमेऱ्यात ही यंत्रणा नसलेले कंप शोधू लागते आणि तारे विचित्र आकाराचे होतात. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ हा पर्यायही बंद करावा, कारण प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ तो शटर बंद ठेवून काळी फ्रेम घेत बसतो आणि अर्धी रात्र त्यातच जाते.

फोकस: इथे घाई करू नये

रात्री स्वयंचलित फोकस बहुतेक वेळा कामाचा नसतो आणि लेन्सवरच्या अनंत चिन्हावरही विसंबता येत नाही, कारण अनेक लेन्स त्या चिन्हाच्या थोड्या पुढे जातात आणि तापमान उतरले की योग्य जागाही सरकते. त्यासाठी फोकस मॅन्युअलवर टाकून व्याध, अभिजित किंवा एखादा तेजस्वी ग्रह चौकटीच्या मध्याजवळ आणावा, लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करावा आणि फोकसची कडी अगदी सावकाश फिरवावी. ठिपका लहान होत जातो, एका जागी सर्वांत लहान होतो आणि मग पुन्हा फुगतो. ती सर्वांत लहान जागा ओलांडून परत यावे, म्हणजे ती नेमकी कुठे आहे हे कळते. त्याच वेळी आजूबाजूचे मंद तारे पडद्यावर दिसू लागले, तर फोकस जमला असे समजावे. यानंतर कडीवर कागदी चिकटपट्टी लावावी आणि तिला रात्रभर हात लावू नये.

बाहतिनोव्ह मास्क या साध्या चकतीने हे काम अधिक खात्रीचे होते. पावेल बाहतिनोव्ह या रशियन हौशी निरीक्षकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चकतीत तीन दिशांना तिरक्या फटी असतात. ती लेन्ससमोर धरली की तेजस्वी ताऱ्याभोवती प्रकाशाच्या तीन रेषा उमटतात. मधली रेषा बाकीच्या दोन रेषांच्या फुलीतून बरोबर जात असेल तर फोकस अचूक आहे आणि ती एका बाजूला सरकलेली असेल तर नाही. फ्रेम सुरू करण्याआधी चकती काढायला विसरू नये, हे सांगणे हास्यास्पद वाटेल, पण असा विसर पडल्याशिवाय या छंदात कोणी मुरत नाही.

शटर किती वेळ उघडे ठेवायचे

पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी पुरी करते, म्हणून आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते (एक अंश म्हणजे ३६०० विकला). ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यात हीच हालचाल ताऱ्यांच्या रेघा काढते. किती सेकंदांपर्यंत तारे ठिपके राहतील, याचा जुना ठोकताळा ५०० चा नियम म्हणून ओळखला जातो: ५०० ला नाभीय अंतराने भागायचे, आणि सेन्सर लहान असेल तर त्याच्या क्रॉप फॅक्टरने, म्हणजे पूर्ण आकाराच्या (फुल फ्रेम) सेन्सरपेक्षा तो किती पट लहान आहे त्या आकड्याने, आणखी भागायचे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २० मिमीच्या लेन्सला २५ सेकंद मिळतात. दीडपट क्रॉपच्या सेन्सरवर ५० मिमीच्या लेन्सला साडेसहा.

हा नियम फिल्मच्या काळचा आहे आणि आजच्या दाट पिक्सेलांना तो फारच सैल पडतो. त्यापेक्षा थेट हिशोब करावा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन त्याला २०६ ने गुणावे आणि मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागावे, म्हणजे एका पिक्सेलमध्ये आकाशाच्या किती विकला मावतात ते मिळते. ३.९ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ५० मिमीची लेन्स असेल तर हे उत्तर १६ विकला येते. साडेसहा सेकंदांत तारा जवळजवळ शंभर विकला, म्हणजे सहा पिक्सेल सरकतो. तीन सेकंदांत ४५ विकला, म्हणजे तीन पिक्सेलांहून थोडा कमी. मी तीन सेकंद घेईन. हा हिशोब खगोलीय विषुववृत्तावरच्या ताऱ्यांचा आहे; ध्रुवाकडे जावे तसा वेग कमी होतो आणि ६० अंश क्रांतीवर, म्हणजे त्या विषुववृत्तापासून ६० अंश दूर, तो निम्मा राहतो. त्यामुळे ध्रुवाकडच्या शर्मिष्ठा तारकासमूहाला जी सवलत मिळते ती मृगाला मिळत नाही.

फ्रेम योग्य उजळली की नाही हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून ठरवू नये, कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्याला काळवंडलेली फ्रेमही लख्ख वाटते. हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणारा आलेख, पाहावा. त्याचा उंचवटा डाव्या भिंतीला चिकटलेला नसावा. डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर तो असेल तर उत्तम. ट्रायपॉडवरच्या छोट्या फ्रेममध्ये तो तितका पुढे येणार नाही, पण भिंतीपासून सुटलेला असला तरी पुरे.

रात्र आणि जागा

मंद तेजोमेघांसाठी अमावास्येच्या आगेमागे चार-पाच रात्री राखून ठेवाव्यात आणि चंद्र असलेल्या रात्री चंद्राच्याच छायाचित्रणाला द्याव्यात. जॉन बोर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या अंधाराची १ ते ९ अशी श्रेणी मांडली. १ म्हणजे अस्पर्श अंधार आणि ९ म्हणजे महानगराचा मध्यभाग. घरून ८ श्रेणीचे आकाश दिसत असेल आणि दोन तासांच्या प्रवासाने ४ श्रेणीचे मिळत असेल, तर कोणतीही नवी लेन्स त्या प्रवासाची बरोबरी करणार नाही. लक्ष्य क्षितिजापासून किमान ३० अंश वर आल्यावरच काम सुरू करावे. त्याखाली हवेचा थर जाड असतो, तारे थरथरतात आणि दूरच्या गावांचा उजेडही तिथेच साचलेला असतो. कोणते लक्ष्य किती वाजता किती उंचीवर असेल हे स्टेलॅरियम या मोफत सॉफ्टवेअरवर आधीच पाहून ठेवता येते. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, म्हणून बॅटरी लाल प्रकाशाची असावी.

पहिली रात्र: मृगातला तेजोमेघ

पहिल्या प्रयत्नासाठी याहून चांगले लक्ष्य मला माहीत नाही. डिसेंबर ते मार्च या काळात तो संध्याकाळी किंवा रात्रीच्या पूर्वार्धात वर असतो, मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाजवळ नुसत्या डोळ्यांनाही धुरकट ठिपक्यासारखा जाणवतो आणि त्याचा विस्तार सुमारे एक अंश, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारी ठेवल्याइतका असतो. आकाशातल्या अंधुक वस्तू लहान असतात हा गैरसमज इथेच दूर होतो. देवयानी दीर्घिका तर सहा पूर्णचंद्रांएवढी लांब आहे. ती दिसत नाही ती मंद असल्यामुळे.

५० मिमीची लेन्स लावावी, एफ/२.८, आयएसओ १६००, तीन सेकंद. व्याधावर फोकस करून मृगाकडे वळावे. एक चाचणी फ्रेम घेऊन ती पूर्ण मोठी करून पाहावी. तारे गोल आहेत, हिस्टोग्राम भिंतीपासून सुटला आहे आणि लक्ष्य चौकटीत आहे याची खात्री झाल्यावर इंटरव्हलोमीटरला ४०० फ्रेम सांगाव्यात. यात एकूण वीस मिनिटांचा प्रकाश जमा होतो. तेवढ्या वेळात, आणि मधल्या विरामांमुळे प्रत्यक्षात आणखी जास्तच, आकाश पाच ते सात अंश पश्चिमेकडे सरकते. लहान सेन्सरवर या लेन्सची चौकट साधारण २७ अंश रुंद आणि १८ अंश उंच असते, म्हणून तेजोमेघ सुरुवातीला थोडा पूर्वेच्या बाजूला ठेवावा आणि दर शंभर फ्रेमनंतर चौकट पुन्हा जुळवावी.

प्रत्येक थांब्याला लेन्सची पुढची काच तिरकस प्रकाशात तपासावी. माझ्या सुरुवातीच्या एका रात्री शेवटच्या शंभरेक फ्रेममध्ये तारे हळूहळू मऊ होत गेले. फोकस सरकला असे समजून मी चिकटपट्टी काढली, कडी इकडेतिकडे फिरवली, तारे आणखी बिघडले आणि अखेर बॅटरी टाकून पाहिले तर काचेवर दवाचा पातळ थर होता. दव पुसल्यावर लेन्स स्वच्छ झाली, पण तोवर चांगला फोकस मी स्वतःच्या हाताने घालवला होता. लेन्सभोवती गुंडाळायचा उबदार पट्टा पॉवर बँकेवर चालतो आणि दव पडू देत नाही; माझ्या यादीत तो कोणत्याही फिल्टरच्या आधी येतो. थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी लवकर उतरते, म्हणून दुसरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी.

सुधारक फ्रेम आणि स्टॅकिंग

एकेक फ्रेम पाहिली तर निराशा होते: तीन सेकंदांच्या फ्रेममध्ये तेजोमेघाचा गाभा आणि भोवती दाणेदार नॉइज, एवढेच दिसते. स्टॅकिंग म्हणजे या सगळ्या फ्रेम ताऱ्यांच्या आधाराने एकमेकींवर अचूक बसवून त्यांची सरासरी काढणे. ताऱ्यांचा प्रकाश प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतो, नॉइज मात्र दर वेळी वेगळा असतो, त्यामुळे सरासरीत तो विरत जातो. सुधारणा फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी होते: १६ फ्रेमना चौपट, ४०० फ्रेमना वीस पट. याच गणिताची दुसरी बाजू अशी, की हाती असलेले चित्र दुप्पट नितळ करायचे असेल तर चौपट वेळ द्यावा लागतो.

यासोबत तीन प्रकारच्या सुधारक फ्रेम घ्याव्या लागतात. डार्क फ्रेम लेन्सवर झाकण लावून, पण तोच आयएसओ, तेवढेच सेकंद आणि तेच तापमान ठेवून घेतात. सेन्सरमधला उष्णतेमुळे निर्माण होणारा संकेत दर पाच-सहा अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होतो, म्हणून डार्क त्याच रात्री, तिथेच घ्याव्यात. घरी परतून उबदार खोलीत घेतलेल्या डार्क उपयोगापेक्षा अपायच अधिक करतात. सेन्सरचा स्वतःचा मूळ संकेत टिपणाऱ्या बायस फ्रेमही झाकण लावूनच, पण कॅमेऱ्याच्या सर्वांत कमी वेळात घेतात. फ्लॅट फ्रेमसाठी लेन्ससमोर पांढरे, सुरकुती नसलेले कापड ताणून पहाटेच्या आकाशाकडे किंवा एकसारख्या उजळ पडद्याकडे कॅमेरा धरावा आणि हिस्टोग्रामचा उंचवटा मध्याजवळ येईल एवढा प्रकाश घ्यावा. कोपऱ्यांतला काळोख आणि सेन्सरवरच्या धुळीची वर्तुळे या फ्लॅटमुळे निघून जातात. अट एकच: फोकस, एफ क्रमांक आणि दुर्बीण असेल तर कॅमेऱ्याची फिरवलेली दिशा, यांतले काहीही बदललेले नसावे. प्रत्येक प्रकारच्या वीस ते तीस फ्रेम पुरतात. वेळ कमी असेल आणि एकच प्रकार निवडायचा असेल तर मी फ्लॅट निवडेन. नवोदित नेमके तेच टाळतात.

डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही दोन मोफत सॉफ्टवेअर हे सगळे काम करतात. पहिले विंडोजवर चालते आणि शिकायला सोपे आहे. दुसरे विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि स्टॅकिंगनंतरची प्रक्रियाही त्यातच होते. फ्रेम भरण्याआधी ढग आलेल्या, धक्का लागलेल्या किंवा विमान गेलेल्या फ्रेम हाताने वेगळ्या काढाव्यात. उपग्रहांच्या रेघांची चिंता करू नये, कारण सरासरी काढताना इतर फ्रेमशी न जुळणारे पिक्सेल सॉफ्टवेअर वगळते.

संगणकावरची प्रक्रिया

स्टॅक झालेली फाइल उघडल्यावर पडदा जवळजवळ काळा दिसतो. काही बिघडलेले नसते. सगळी माहिती हिस्टोग्रामच्या डाव्या टोकाला दाटलेली असते आणि तिला ताणून उजेडात आणायचे असते. त्याआधी दोन कामे करावीत. प्रकाशप्रदूषणामुळे चौकटीच्या एका बाजूकडून दुसरीकडे जो उजेडाचा उतार पडतो, तो ‘बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन’ने काढून टाकावा आणि आकाशाचा उजेड मोजण्यासाठी सॉफ्टवेअर घेते ते नमुन्याचे ठिपके तेजोमेघावर पडलेले नाहीत हे डोळ्यांनी तपासावे, नाहीतर सॉफ्टवेअर तेजोमेघालाच प्रदूषण समजून वजा करते. मग रंगांचा समतोल साधावा. सिरिल ताऱ्यांच्या ज्ञात रंगांवरून तो साधू शकते. त्यानंतर हिस्टोग्राम एकदम न ओढता थोडा थोडा, चार-पाच टप्प्यांत ताणावा.

नवोदितांच्या चित्रांत एक दोष इतका वारंवार दिसतो, की तो वेगळा सांगायला हवा. आकाश ठार काळे करण्याच्या मोहात काळ्या बिंदूची खूण इतकी उजवीकडे ओढली जाते, की तेजोमेघाच्या कडा कापल्या जातात. खरे आकाश काळे नसते, गडद राखाडी असते, आणि कष्टाने जमवलेला सर्वांत मंद प्रकाश त्याच राखाडीत असतो. दुसरीकडे, मृगाच्या तेजोमेघाचा गाभा इतका तेजस्वी आहे, की तो ताणताना पांढरा होऊन जातो. त्यासाठी एक सेकंदाहून कमी वेळाच्या काही फ्रेम वेगळ्या घेऊन गाभ्यापुरत्या मिसळाव्यात. काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर दिसत असेल, तर रंग ठीक आहेत असे मानायला हरकत नाही.

ताऱ्यांबरोबर फिरणारी बैठक

ट्रायपॉडवर चार-पाच रात्री काढल्यावर वेळेची मर्यादा जाचू लागते. ही मर्यादा स्टार ट्रॅकर दूर करतो. ट्रायपॉड आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारे हे छोटे यंत्र पृथ्वीच्या आसाला समांतर अक्षाभोवती, ताऱ्यांच्याच वेगाने कॅमेरा फिरवते. तीन सेकंदांच्या जागी एक-दोन मिनिटे मिळतात आणि १३५ किंवा २०० मिमीची लेन्स वापरता येते. विकत घ्यायच्या पहिल्या मोठ्या वस्तूचा मान दुर्बिणीऐवजी ट्रॅकरला द्यावा, हे माझे ठाम मत आहे.

ट्रॅकरचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे नेमका रोखणे, म्हणजेच पोलर अलाइनमेंट, हे इथले मुख्य कौशल्य. उत्तर गोलार्धात ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या जागेच्या अक्षांशाइतकी असते, म्हणून बैठकीचा कोन आधी अक्षांशावर ठेवून ती उत्तरेकडे वळवावी आणि मग ध्रुवदर्शक नळीतून पाहावे. ध्रुवतारा नेमक्या ध्रुवावर नाही, त्यापासून सुमारे ४० कला (एक कला म्हणजे ६० विकला) दूर आहे आणि त्याभोवती फिरतो. त्या क्षणी तो नळीतल्या वर्तुळावर कुठे असावा हे मोबाइल ॲप दाखवते आणि बैठकीचे स्क्रू फिरवून तो तिथे आणायचा असतो. दक्षिण गोलार्धात ध्रुवाजवळचा सिग्मा ऑक्टंटिस हा तारा जेमतेम साडेपाच प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना कसाबसा दिसेल इतका मंद आहे, त्यामुळे तिथे हेच काम बरेच कष्टाचे होते.

किती अचूकता पुरे? अक्ष १० कलांनी चुकला तर तारा जास्तीत जास्त मिनिटाला अडीच विकला घसरतो. २०० मिमीच्या लेन्सवर एका पिक्सेलमध्ये चार विकला मावतात, म्हणजे दोन मिनिटांच्या फ्रेममध्ये जेमतेम सव्वा पिक्सेल. तेवढे खपते. त्याहून लांब लेन्स लावली तर चूकही त्याच प्रमाणात मोठी दिसते. जुळणी झाल्यावर कॅमेरा लक्ष्याकडे वळवताना ट्रायपॉडला धक्का लागतोच, म्हणून वळवून झाल्यावर ध्रुव पुन्हा एकदा पाहावा.

दुर्बीण घ्यायची वेळ

दुर्बिणीचा विचार करताना नळीच्या आधी बैठकीचा विचार करावा. मंद वस्तूंसाठी विषुववृत्तीय बैठकच, म्हणजे ट्रॅकरसारखी पृथ्वीच्या आसाला समांतर अक्षाभोवती फिरणारी, हवी. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारी साधी बैठक ताऱ्याचा माग काढते, पण चौकट हळूहळू गोल फिरत राहते आणि लांब फ्रेमच्या कडांना कमानी उमटतात. बैठकीची जी वजनक्षमता सांगितलेली असते ती डोळ्यांनी पाहण्यासाठीची समजावी. छायाचित्रणासाठी तिच्या निम्म्यापर्यंतच वजन ठेवावे.

नळी म्हणून ६० ते ८० मिमी व्यासाचा, ३५० ते ५०० मिमी नाभीय अंतराचा ॲपोक्रोमॅटिक अपवर्तक, म्हणजे सगळे रंग एकाच जागी एकवटणारी भिंगांची दुर्बीण, घ्यावा. मोठ्या नळीचा मोह का टाळावा हे मघाच्याच सूत्रावरून समजते. ३.९ मायक्रॉनच्या पिक्सेलला ४०० मिमीवर दोन विकला मिळतात. हवेच्या थरथरीमुळे तारा मुळातच दोन ते चार विकला फुगलेला असतो, म्हणजे हे प्रमाण योग्य आहे. २००० मिमीवर हेच प्रमाण ०.४ विकला होते. तपशील काही वाढत नाही, पण बैठकीची प्रत्येक चूक पाचपट दिसते. अपवर्तकाला कडांपर्यंत तारे गोल ठेवणारी फील्ड फ्लॅटनर नावाची पूरक लेन्स जोडावी लागते आणि तिचे सेन्सरपासूनचे अंतर, बहुतेक वेळा ५५ मिमी, काटेकोर पाळावे लागते.

उत्तम बैठकीच्याही दातेरी चाकांत सूक्ष्म असमानता असते. ती सुधारण्यासाठी शेजारी एक छोटी दुर्बीण आणि दुसरा कॅमेरा लावून एखाद्या ताऱ्यावर सतत नजर ठेवतात आणि तो सरकला की संगणक बैठकीला दुरुस्ती सांगतो. या गायडिंगसाठी पीएचडी२ हे मोफत सॉफ्टवेअर प्रचलित आहे. त्याच्या मूळ नावाचा विस्तार ‘इथे दाब, बावळटा’ अशा अर्थाचा आहे, यावरून त्याच्या सोपेपणाचा अंदाज यावा. गायडिंग जमल्यावर डिदरिंगही सुरू करावे. त्यात दर एक-दोन फ्रेमनंतर चौकट मुद्दाम काही पिक्सेल हलवली जाते, म्हणजे सेन्सरचे दोष दर वेळी आकाशाच्या वेगळ्या जागी पडतात आणि सरासरीत निघून जातात.

हा टप्पा आला की लाल रंगाचाही प्रश्न येतो. तेजोमेघांचा लाल प्रकाश मुख्यतः हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि साध्या कॅमेऱ्यातला अवरक्त किरण अडवणारा फिल्टर त्याचा मोठा भाग गिळतो. तो फिल्टर बदलून घेतलेला कॅमेरा किंवा थंड करता येणारा खास खगोलीय कॅमेरा हा त्यावरचा उपाय. शहरातून काम करणाऱ्याला हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्याच तरंगलांबी सोडणारा ड्युअल बँड फिल्टर मोठा आधार देतो, पण तो फक्त तेजोमेघांसाठी. दीर्घिकांचा प्रकाश सर्व तरंगलांबींत पसरलेला असतो. त्यांना अंधाऱ्या आकाशाला पर्याय नाही.

चंद्र, ग्रह आणि सूर्य

इथले तंत्र जवळजवळ उलटे आहे. पूर्णचंद्र उन्हात न्हालेला खडक आहे. एफ/११, आयएसओ १०० आणि सेकंदाचा शंभरावा भाग त्याला पुरतो आणि अर्धचंद्राला सुमारे चौपट वेळ. सेन्सरवर चंद्राची प्रतिमा नाभीय अंतराच्या साधारण ११० व्या भागाइतकी पडते, म्हणून ४०० मिमीच्या लेन्सवर ती साडेतीन मिलिमीटरच्या आसपास असते. विवरे पाहायची तर पौर्णिमा टाळावी. प्रकाश आणि अंधार यांच्या सीमारेषेवर सावल्या लांब पडतात आणि तिथेच खोली दिसते.

ग्रहांसाठी लांब नाभीय अंतराची दुर्बीण आणि जलद व्हिडिओ कॅमेरा लागतो. हजारो फ्रेम घेऊन, हवा क्षणभर स्थिर असताना मिळालेल्या निवडक फ्रेमच ऑटोस्टॅकर्टसारख्या सॉफ्टवेअरने एकत्र करतात. गुरू दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे एक व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवला तर त्याचे पट्टे पुसट होतात. सूर्याकडे कॅमेरा किंवा दुर्बीण वळवायची असेल तर सूर्यासाठीच बनवलेला फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर, वाऱ्याने उडणार नाही असा घट्ट बसवलेला असलाच पाहिजे. डोळ्याजवळच्या भिंगामागे बसवायचे फिल्टर वापरू नयेत, कारण एकवटलेल्या उष्णतेने ते तडकतात आणि डोळा कायमचा जातो.

फाइलींची व्यवस्था

प्रत्येक रात्रीचे एक फोल्डर करावे आणि त्यात लक्ष्याचे नाव, तारीख, लेन्स, एफ क्रमांक, आयएसओ, सेकंद आणि तापमान लिहिलेली एक साधी मजकूर फाइल ठेवावी. चित्र तयार झाले म्हणून मूळ फ्रेम पुसून टाकू नयेत. मृगाचा तेजोमेघ पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी असतो आणि तीच लेन्स वापरली तर यंदाच्या ४०० फ्रेम आणि पुढच्या वर्षीच्या ४०० फ्रेम एकाच स्टॅकमध्ये बसतात, फक्त प्रत्येक रात्रीच्या फ्रेमना त्याच रात्रीच्या फ्लॅट आणि डार्क लावाव्या लागतात.